पुष्पलताबाईंच्या ओट्यावरचा उजेड

बालाघाटच्या बसस्टँडमागच्या गल्लीत पुष्पलताबाई कपडे शिवतात. कापड घेऊन गेलेल्या बाईचं माप नंतर. आधी त्या तिला ओट्यावर उभं करतात, कापड हनुवटीखाली धरतात आणि हातात आरसा देतात. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

हे त्या स्वतःवरूनच शिकल्या. किरनापुरच्या माहेरी सगळ्यांत सावळ्या त्याच. लग्नात मावशीने फिकट गुलाबी शालू निवडला, "उजळ दिसन" म्हणून, आणि वरून पावडर थापली. फोटोत नवरी तापातून उठल्यासारखी दिसते. पुढे नवऱ्याने, महेंद्रने, गडद मोरपंखी साडी आणली. ती नेसून त्या आरशासमोरून हलेनात. चेहरा तोच होता, पण जिवंत वाटत होता. तेव्हापासून कोणाला काय खुलतं, हे बघायचा त्यांना नादच लागला.

दोन उन्हाळ्यांमागे नूतन त्यांच्याकडे आली. खैरलांजीकडच्या एका शाळेत ती नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होती. मानेवर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग. तिने गडद तपकिरी कापड पुढे केलं.

"काकू, गळा बंद पाहिजे. बाही मनगटापर्यंत."

"एवढ्या उन्हात?"

"हौ."

बाईंनी वाद घातला नाही. तिला ओट्यावर नेऊन तपकिरी कापड धरलं. त्या सपाट गडद रंगाशेजारी डाग आणखीच उठून दिसले. नूतनने आरसा खाली केला. मग बाईंनी आतून वीटकरी सुती कापड आणलं. त्यावर मोतिया आणि शेवाळी रंगाची बारीक फुलं होती.

"आता पाह्य आरशात."

डाग होते तिथेच होते. पण फुलांच्या मोतिया रंगात नजर फिरत राहायची, एका जागी अडायची नाही. वीटकरीने गालांवर तजेला आणला होता.

"हे घालून मी वर्गात जाऊ, काकू?"

"ते नंतर पाहू. तुले काय दिसून राह्यलं?"

नूतन आरसा आणखी जवळ घेत म्हणाली, "माहे डोळे."

बाईंनी दोन्ही कुर्ते शिवले. तपकिरी तिने सांगितला तसाच, आणि फुलांचा कोपरापर्यंत बाह्यांचा. "मन म्हणन तो घाल," एवढंच म्हणाल्या.

पावसाळाभर नूतनने तपकिरीच घातला. एकदा तो वाळला नाही, म्हणून दुसरा चढवला. वर्गात तिसरीतल्या खुशीने विचारलं, "मॅडम, हाथ को क्या हुआ?" नूतनने सांगितलं, कोड आहे, दुखत नाही, कोणाला लागतही नाही. खुशी "अच्छा" म्हणाली आणि पाढे म्हणायला लागली.

हे सांगायला नूतन मुद्दाम बालाघाटला आली. "काकू, एवढंच झालं. अन् मी इतके वर्स भेत होती."

पुष्पलताबाईंनी तिला चहा दिला. त्यांचे डोळे भरले होते, पण बोलल्या त्या पुढच्या कुर्त्याबद्दल.

परवा मीही कापड घेऊन गेले, तेव्हा निवृत्त झालेल्या सुनंदाबाई तिथे होत्या. "केस पांढरे झाले, आता मला राखाडीच द्या," त्या म्हणत होत्या.

"पांढऱ्या केसाले जांभळं किती शोभते, पाहा तं खरं," पुष्पलताबाई म्हणाल्या.

दोघी आपापल्या रंगावरून बराच वेळ हटेनात. मी माझं कापड मांडीवर घेऊन पायरीवर बसले.