डबीतला दात

आता बघा, हसायचं नाही हं! हसणारच असाल तर आधी चहा संपवा, उगीच ठसका लागायचा.

आमची कापडाची मिल बंद पडली तेव्हाची गोष्ट. गेटला टाळं लागलं आणि मी, विव्हिंग खात्यातला बाबू, घरी बसलो. बायकोने अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या शाळेत नोकरी धरली. पहिल्याच दिवशी निघताना म्हणाली, "चिमी नुकती पाऊल टाकायला लागलीय. तिला सांभाळा. एवढं तरी जमेल ना?"

'एवढं तरी' हे फार लागलं हो मला! म्हटलं, थांब, दाखवतोच. मिलमधून आणलेल्या, सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिनांची चाकं करून चिमीला पांगुळगाडा ठोकला, तोंडात पान भरलं आणि म्हटलं, "चल बेटा, दौड!"

गाडा असा सुटला म्हणता! गाडा पुढे, चिमी मागे, आणि धप्पकन तोंडावर! मी झेप घेतली, पलंगाच्या कडेवर आपटलो, पण तिला उचललंच. बघतो तर काय, तोंडातून रक्त! ओठ, हनुवटी, झबलं, सगळं लाल.

पोरीचा टाहो ऐकून शेजारच्या दुबे मौसी चष्मा न लावताच धावत आल्या.

"हाय राम! दांत टूट गया क्या?"

चिमी तोंडाला हात लावू देईना. मौसी खाली बसून फरशी चाचपू लागल्या आणि पलंगाखालून ओरडल्या, "मिल गया! दूध में डालो भिया, डॉक्टर वापस बिठा देगा!"

त्यांनीच तो दुधाच्या डबीत टाकला. मी डबीकडे बघितलंसुद्धा नाही. बघवेना हो! सव्वा वर्षाची पोर माझी, आत्ताशी कुठे चार दात लुकलुकायला लागलेले, आणि बापाने एका सकाळीत एक घालवला? तिच्या आईला कोणत्या तोंडाने सांगू?

चिमी कडेवर, डबी मौसींच्या हातात, असे आम्ही दाताच्या डॉक्टरकडे जायला टेम्पोत चढलो. मी म्हटलं, "हुओहंज!"

"भिया, पहले पान थूक लो, फिर बोलो," टेम्पोवाला म्हणाला.

थुंकायला वेळ कुणाला होता? मौसींनीच सांगितलं, "तुकोगंज ले चल, जल्दी!"

रस्ताभर मी खजरान्याच्या गणपतीला विनवत होतो, "बाप्पा, हिचा दात बसू दे. पान सोडतो, आयुष्यात शिवत नाही!"

डॉक्टरांनी चिमीचा ओठ वर करून टॉर्च मारला. मी डोळे गच्च मिटले.

"कुछ नहीं है. ऊपर के होंठ के अंदर की पतली चमड़ी ज़रा-सी फटी है, अपने आप भर जाएगी. बच्चों के मुँह से खून ज़्यादा ही दिखता है. दांत सब सलामत हैं."

"सलामत कैसे? दांत तो डबी में है!" पान गालात सारून मी जवळजवळ ओरडलोच.

डॉक्टरांनी चिमट्याने दात उचलला, उजेडात धरला. केवढा तो! आणि मुळापर्यंत तांबडाभडक.

"बच्ची कत्था कब से खा रही है?"

मी चिमीकडे बघितलं. मौसींनी माझ्याकडे बघितलं. चिमीनेसुद्धा रडणं थांबवून माझ्याचकडे बघितलं.

"आप पान थूकिए. मुँह खोलिए."

थुंकलं. जीभ पुढे फिरवली आणि सरळ बाहेर! समोर ही एवढी खिडकी! आणि तेव्हा कुठे कळ आली हो, अशी कळ की मीच चिमीसारखा विव्हळलो. झबल्यावरचं निम्मं रक्त माझंच होतं, आणि पान खाणाऱ्याच्या लाल तोंडाकडे बघतंय कोण?

संध्याकाळी बायको घरी आली. मौसींनी सगळं रामायण ऐकवलं. तिने आधी चिमीचा ओठ बघितला, मग माझी खिडकी. आता तोफ सुटणार म्हणून मी मान खाली घालून बसलो.

तोफ सुटली नाही. तिने चिमीला मांडीवर घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "चिमे, उद्यापासून बाबांना तू सांभाळ. एवढं तरी जमेल ना?"