लहानू पेंटरचा ढब्या

लहानू पेंटरने नाशिकच्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात उमेदीची वर्षं घालवली, पण स्वतःच्या डोक्यातलं चित्र एकही काढलं नाही. गिऱ्हाईक नमुना देई, हा तसाच्या तसा उतरवी. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले.

अशात फुलं विकणाऱ्या चिमणाबाईने त्याला गाठलं. ती बसे त्या भिंतीशी लोक खुशाल लघवीला उभे राहत. भिंतीवर एखादा देव काढून दे, म्हणाली. सगळीकडे हाच उपाय चालतो. पण असल्या घाणीत देव काढायला लहानूचा जीव धजेना. त्याने आपल्या मनाने एक कार्टून काढलं. गोल डोकं, टपोरे डोळे, तीन केस, टरबुजासारखं पोट आणि समोरच्यावर रोखलेलं बोट. नाव ठेवलं ढब्या.

ढब्या लागू पडला. आलेला माणूस वर बघे आणि ओशाळून पुढे सटके. लहानू चहाच्या निमित्ताने रोज तिथे चक्कर मारी. हा मी काढला, असं अनोळखी माणसालाही धरून सांगे. या वयात आपण चित्रकार झालो, याचा त्याला फार आनंद झाला होता.

घोळ केला तो झेंडूने. उरलेला हार चिमणाबाईने सहज भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. हार दिसला की आपली माणसं आधी हात जोडतात, कोणाला जोडले ते मागाहून बघतात. कुणी उदबत्ती लावली, कुणी नारळ फोडला. एका मंगळवारी लहानू आला, तर ढब्याला नखशिखांत शेंदूर थापलेला आणि वर चांदीचे डोळे चिकटवलेले. तो शेंदूर पुसायला गेला, तशी लोकांनी त्याला अडवलं.

"देव नाय हो, माझा ढब्या हे त्यो," लहानू म्हणाला.

लोक हसले. चिमणाबाईने मान खाली घातली. तिचे हार आता हातोहात खपत होते.

पुढे गल्लीतल्या मंडळाचा नवनाथ त्याला बोलवायला आला. देवाच्या वर 'श्री प्रसन्न' लिहून हवं होतं. लहानूने मुकाट्याने वळणदार अक्षरं काढली. खाली कोपऱ्यात 'लहानू पेंटर' ही त्याची सही तेवढी शेंदरातून वाचली होती.

"काका, तेवढ्या नावावर पांढरा मारा," नवनाथ म्हणाला. "देवाखाली माणसाचं नाव बरं नाय दिसत."

लहानूने ब्रश धुतला आणि सहीवर पांढऱ्याचा हात दिला. नाव तरी दिसतच होतं. वाळल्यावर त्याने दुसरा हात दिला.