कंपनी म्हणजे बरोबर जेवणारे

विलास दिघे गेल्याचं मला आमच्या कारखान्यातल्या जुन्या माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मी बडोद्याच्या मांडवीत चष्म्याच्या दुकानात होतो. बातमीखाली जोडलेल्या हातांची चित्रं येत होती. मीही एक टाकलं आणि पुन्हा फ्रेम बघू लागलो... त्याला आता दीड महिना झाला.

वाघोडियाच्या त्या कारखान्यात आम्ही बावीस वर्षं होतो, तो प्रयोगशाळेत, मी स्टोअरमध्ये. कारेलीबागेतून एकाच बसने जायचो आणि दुपारी एकमेकांचे डबे खायचो. मराठी माध्यमातून आल्यामुळे विलासला इंग्रजी शब्दांचा भरवसा वाटत नसे. प्रत्येकाचं मूळ तो शब्दकोशात बघायचा. एकदा त्याने सांगितलं की आपण बडोद्यात कारखान्यालाच कंपनी म्हणतो, पण लॅटिनमध्ये ‘कॉम’ म्हणजे बरोबर आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. ज्यांच्याबरोबर बसून खायचं ते सोबती, आणि अशा सोबत्यांची ती कंपनी. "मालक आणि मशीनं नंतर आली," तो म्हणाला. मी हसून त्याच्या डब्यातली वांगी ओढून घेतली.

मग नापास माल पास दाखवणाऱ्या एका अहवालावर सही करायला त्याने नकार दिला. त्याला गेटजवळच्या खोलीत नुसतं बसवून ठेवलं. आमच्या साहेबांनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "जोशीभाई, तमारुं जोजो." स्वतःचं बघा, एवढंच. त्या दुपारी मी डबा घेऊन कँटीनच्या दारात घुटमळत होतो. विलासने ते ओळखलं. उठून जवळ आला.

"तिकडे बस," तो हळूच म्हणाला. "तुझ्या मुलीचं शिक्षण व्हायचंय अजून."

मला लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं...

आठ महिने तो भिंतीकडच्या टेबलावर एकटा जेवला. बसमध्येही मी पुढे बसू लागलो. अखेर त्याने नोकरी सोडली. मी फोन केला नाही. मी निवृत्त झाल्यावर त्याच्या हृदयाच्या दुखण्याचं कानावर आलं, तेव्हाही भेटायचं राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलं.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. सुनीतावहिनींनी चहा केला. "शेवटपर्यंत तुमची सोबत होती ह्यांना कंपनीत," त्या म्हणाल्या. मला काही कळेना. मग त्या सांगत गेल्या. त्या आठ महिन्यांत विलास रोज संध्याकाळी जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा घरी सांगायचा. आज जोशी काय म्हणाला, दोघं कशावरून हसलो. वहिनींना ते विनोद अजून आठवत होते. त्यातला एकही मी केलेला नव्हता.

"कंपनीतल्या शेवटच्या दिवशी काय बोललात हो दोघं?" त्यांनी विचारलं.

भाजी छान झाली होती, एवढंच म्हणालो, असं मी सांगितलं. त्या डोळे पुसत राहिल्या आणि मी चहा संपवला.

हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येईल, ती वहिनी वाचतात. वहिनी, त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या आदल्या दिवशीही नाही.