मधोमध जोडलेली गाडी

ती घटना आठवली की निवृत्तीनंतरही माझे डोके तापते. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका जुन्या गाडीच्या विक्रीचे प्रकरण होते. पण खुनाच्या तपासातही मी इतका चिडलो नसेन. आणि माझा राग आरोपीपेक्षा फसलेल्या माणसावर जास्त होता, आजही आहे.

मी तेव्हा पनवेल भागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात एक डेंटर आत येऊन उभा राहिला. ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणारा हा कारागीर सुकापूरच्या एका गॅरेजात कामाला होता. एकदोनदा त्याने मला चोरीच्या गाड्यांची खबर दिली होती. त्या दिवशी मात्र तो बसायलाही तयार नव्हता.

"साहेब, माझ्या हातून गुनाह झालाय," तो म्हणाला. "ती लाल रेसिंग गाडी. पुढचा भाग एका ठोकलेल्या गाडीचा, मागचा दुसऱ्या ठोकलेल्या गाडीचा. मधोमध जोड मीच मारला. मालक बोलला होता, शोपीस आहे, गॅरेजच्या दारात उभी करायची. काल ती खांदा कॉलनीत शाळेसमोर बघितली. पुढच्या सीटवर छोटी बच्ची बसली होती."

"जोड धरणार नाही?"

"उभी राहील. पळवली तर मी जबाबदारी घेणार नाही साहेब."

गाडी होती दोन दारांची, परदेशी बनावटीची, ट्रॅकवर पळवण्यासाठी बदललेली. मागची सीट नाही, गालिचा नाही, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. ज्याला त्याला तो पिंजराच दिसायचा, आणि पिंजऱ्यामुळेच पत्र्यातला जोड दिसायचा नाही. खरेदीदार एका मोठ्या कंपनीत इंजिनियर होता. त्याच संध्याकाळी मी साध्या वेशात त्याच्या घरी गेलो. त्याने आधी मला गाडीचे फोटो दाखवले. टर्बो, ब्रेक, सस्पेन्शन, सगळे तोंडपाठ. विकत घेताना हौशी चालकांच्या ग्रुपमधले तीन मित्र सोबत नेले होते.

"गाडी खालून बघितली का?" मी विचारले.

तो हसला. "सर, या सर्कलमध्ये तसं करत नाहीत. अशी गाडी बनवणारा माणूस आर्टिस्ट असतो. रॅम्पवर चढवा म्हटलं की समोरच्याचा अपमान होतो. भावात घासाघीस केली, तर तो गाडीच देत नाही."

माझे वडील पनवेलच्या बाजारात हातगाडीवर भाजी विकायचे. मी त्या गाडीखाली बसून अभ्यास केला आणि फौजदार झालो. वांगे घेतानाही गिऱ्हाईक ते उलटून देठ बघते, हे मला सहाव्या वर्षी कळत होते. या शिकलेल्या माणसाने आयुष्याची बचत घातली आणि वाकून बघायला लाजला. मी त्याला सगळे सांगितले आणि तक्रार द्यायला सांगितले.

"पोलीस तक्रार घेतात ऐकलं होतं," तो म्हणाला. "मागायला घरी येतात हे नव्हतं माहीत."

"तुमची मुलगी त्या गाडीत बसते."

"तक्रार दिली की गाडीची किंमत शून्य होईल. त्याचं काय? आणि एका मेकॅनिकच्या सांगण्यावरून?"

"मग आत्ता खाली चला. जॅक लावतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"मला बघायचं नाही," तो म्हणाला. त्याची बायको दारात उभी होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठ निरीक्षकांपुढे गेलो. ते म्हणाले, "फसलेला माणूस सांगतोय मी फसलो नाही. तू कोणाच्या वतीने भांडतोयस? दिवाणी बाब आहे, सोड."

"त्याच्या मुलीच्या वतीने, सर."

"ती आली होती का तक्रार द्यायला?"

माझा आवाज चढला. चढायला नको होता. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात 'विनाकारण आक्रमक' असा शेरा आहे. तो तिथूनच आला. त्या दोन शब्दांनी माझी बढती मागे ढकलली आणि मी ते विसरलेलो नाही.

दार बंद झाले की खिडकी शोधायची. गाडीत बेकायदा बदल होते, आणि ते तपासायला कोणाच्या तक्रारीची गरज नसते. खांदा कॉलनीच्या रस्त्यावर नाकाबंदी लावली, सोबत आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक घेतले. गाडी अडवली, मुलगी उतरवून आईकडे पाठवली, गाडी रॅम्पवर चढवली. निरीक्षकांनी तळाच्या जाड काळ्या लेपावरून स्क्रूड्रायव्हर फिरवला. लेप सुटला आणि खाली वेल्डिंगची वेडीवाकडी रेघ निघाली, या दारापासून त्या दारापर्यंत. पिंजऱ्याचे मागचे पाय नुसते वेल्डिंगच्या दोन टाक्यांनी पत्र्याला डागलेले होते. त्यांनी अहवाल लिहिला, 'वाहन चालवण्यास धोकादायक.' इंजिनियर रस्त्यापलीकडे फोनवर बोलत उभा होता. बोलावले तरी रॅम्पखाली आला नाही.

अहवाल हातात आल्यावर वरिष्ठांचा नाइलाज झाला. मी सरकारतर्फे फिर्याद दिली, गुन्हा नोंदवला आणि गॅरेजमालकाला आणले.

तो पहिल्या दिवशी ठाण्यात पाहुण्यासारखा बसला. चहा मागितला, मी दिला. त्याच्याकडे सहीचा कागद होता, 'गाडी जशी आहे तशी स्वीकारली.'

"साहेब, जुनी गाडी आहे. मलाही तशीच मिळाली. जोड आहे हे मला काय माहीत? त्या डेंटरला मी गेल्याच आठवड्यात नोकरीवरून काढलं, तो काहीही बोलेल."

त्याला जोड माहीत होता, हेच सिद्ध करायचे होते. मी टेबलावर हात आपटला, ओरडलो. काही उपयोग झाला नाही. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला तो रोज तोंड देत असणार. माझ्यासोबत एक हवालदार होते, उलव्याच्या बाजूचे, जुने मुरलेले. मला बाहेर घेऊन म्हणाले, "सायेब, आमी बाजारात म्हावरा घेताना मासली इकनाऱ्या कोलनीला येकच सांगतो. ताजा हाय बोलतेस ना, मंग तुज्या घरी कोनता रांदलास तो दाखव."

मी आत गेलो आणि गाडीची चावी टेबलावर ठेवली.

"चल. उलव्याला नवे रस्ते रिकामे आहेत. गाडी तू चालव, मी बाजूला बसतो. एकशे चाळीसला नेऊन एकदा कचकन ब्रेक मार. काही झालं नाही, तर तुला इथूनच घरी सोडतो."

तो चावीकडे बघत राहिला.

"घे की."

"साहेब, मला स्पीडची भीती वाटते."

हवालदार म्हणाले, "अरं, तुज्या गॅरेजच्या भित्तीवर हेल्मेट घालून फोटो कोनाचा हाय मंग? तुज्या भावाचा?"

मला ती चावी त्याच्या हातात कधीच द्यायची नव्हती. रस्त्यावर धोकादायक ठरलेली गाडी मी तरी कशी नेणार? पण हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने चावी बोटाने माझ्याकडे ढकलली. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "साठच्या वर मी कधी नेली नाही ती. विकतानाही ट्रायल त्यालाच घ्यायला लावली. मी बाजूला बसलो नाही."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. टिकते ती त्या जबाबातून सापडलेली वस्तू. म्हणून उरलेले भाग कुठे ठेवलेत ते दाखवतो असे तो म्हणताच दोन पंच बोलावले आणि त्याचे ते सांगणे लिहून घेऊन निवेदन पंचनामा केला. त्याने आम्हाला गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेले. ताडपत्रीखाली दोन्ही गाड्यांचे उरलेले अर्धे भाग पडले होते. त्यांच्या कापलेल्या कडा आमच्या मुद्देमालाच्या जोडाशी ताडून बघितल्या. फाडलेल्या कागदाचे दोन तुकडे जुळावेत तशा त्या जुळल्या. दोषारोपपत्र इतके पक्के होते की मी दोन दिवस कोणावर खेकसलो नाही, असे हवालदार म्हणत.

मग इंजिनियरने प्रतिज्ञापत्र दिले. गाडी आपण सर्व माहिती असताना घेतली, फसवणूक झालेली नाही. गॅरेजमालकाने काही रक्कम परत केली होती. तडजोड झाली, प्रकरण मिटले. गाडीची नोंदणी रद्द झाली आणि मालक म्हणून ती इंजिनियरला परत मिळाली. कोर्टाच्या व्हरांड्यात तो मला म्हणाला, "सर, तुमचं काम तुम्ही केलंत. आता प्लीज विषय सोडा."

मी निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी हवालदारांनी मला फोनवर एक जाहिरात पाठवली. तीच लाल गाडी, तोच पिंजरा. 'फक्त ट्रॅकसाठी. अनुभवी चालकांनीच संपर्क साधावा. घासाघीस नको.' रस्त्यावर बंदी होती, ट्रॅकवर नव्हती. म्हणजे आता ती साठने नव्हे, दोनशेने पळणार होती आणि आत कोणाचा तरी पोरगा बसणार होता.

मी इंजिनियरच्या घरी गेलो. दोषारोपपत्राची नक्कल त्याच्या टीपॉयवर ठेवली.

"गाडी मी घेतो," मी म्हणालो. "इंजिन काढून घ्या, चाकं काढून घ्या, ब्रेक घ्या. तो माल चांगला आहे, त्याचे पैसे येतील. मधला सांगाडा मला द्या. भंगाराच्या भावाने, किलोवर."

"आणि नाही दिला तर?"

"तर तुमच्या प्रत्येक जाहिरातीखाली ही नक्कल लागेल. सकाळी एक, संध्याकाळी एक. मला आता हजेरी नाही, भरपूर वेळ आहे."

"सर, हे ब्लॅकमेल आहे."

"ही घासाघीस आहे. तुमच्या सर्कलमध्ये करत नाहीत ती."

तो तासभर भांडला. किलोमागे दोन रुपये जास्त मागितले, मी दिले नाहीत. शेवटी त्याच्या बायकोने आतून येऊन चावी माझ्यासमोर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "आता पुरे."

या प्रकरणाने काय शिकवले, असे लोक विचारतात. मी नोकरीभर समजत होतो की फसवणारा एका बाजूला आणि फसलेला दुसऱ्या बाजूला असतो. तसे नाही. फसलेल्याला खरे कळले की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. तोटा सोसायचा, नाहीतर पुढचे गिऱ्हाईक शोधायचे. चांगल्या घरातले, चांगल्या पगाराचे लोक किती सहज दुसरी वाट धरतात, ते मी पाहिले आहे. कायद्यात त्यांच्यासाठी मला कलम सापडले नाही.

भंगारवाल्याच्या आवारात गाडी साखळीने उचलली, तेव्हा इंजिनियर इंजिन सोडवायला मेकॅनिक घेऊन आला होता. मेकॅनिकला बोल्ट सापडेना म्हणून त्याला स्वतःलाच गाडीखाली वाकावे लागले. वेल्डिंगची ती रेघ त्याने या दारापासून त्या दारापर्यंत बोटाने चाचपली. उठला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. "माझी मुलगी बसायची यात," तो म्हणाला. भंगारवाल्याला वाटले मी त्याच्या खांद्यावर हात ठेवीन. मी ठेवला नाही. ज्याला मी इतक्या वेळा एकदा वाकून बघा म्हणून विनवले, तो अखेर वाकला तो इंजिनसाठी. मी कटरवाल्याला गॅस पेटवायला सांगितले.