पुस्तक संपल्यावरची चाल

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात कुणाचा तरी कॉम्प्युटर उघडून बसलो होतो. रंजनावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, गेले ते." मला रडू आलं नाही, भीती वाटली... महिना उलटून गेला तरी ती जात नाही.

सुधाकर आमगावला शाळेत गणित शिकवायचा, माझं गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आमची मैत्री आणि भांडण, दोन्ही कॉम्प्युटरच्या बुद्धिबळावरून. त्याचं मशीन माझ्या मशीनशी खेळायचं आणि आम्ही चहा पीत बघायचो. माझा विश्वास नव्या, वेगवान इंजिनावर, म्हणजे चाली शोधणाऱ्या प्रोग्रॅमवर. त्याचा कॉम्प्युटर २००१ सालचा, पंखा घरघरणारा. पण त्यात त्याने वर्षानुवर्षं भरलेलं 'ओपनिंग बुक' होतं. म्हणजे डावाच्या सुरुवातीची तयारी : समोरच्याने हे खेळलं तर हे उत्तर, ते खेळलं तर ते. चाल पुस्तकातली असली की मशीन विचार करतच नाही, लगेच उत्तर देतं. माझं दांडगं इंजिन डोकं लावायला बसेपर्यंत डावाची वाट लागलेली असायची. "नुसती ताकत काय कामाची गा? घरून तयारी करून या लागते," तो खिजवायचा.

एकदा मी माझ्या मशीनच्या वतीने कडेचं प्यादं उगाचच पुढे सरकवलं. असली बावळट चाल त्याच्या पुस्तकात नव्हती. त्याचं मशीन थबकलं, विचार करू लागलं. "काऊन गा, असा कोन खेळते?" सुधाकरचा आवाज बसला होता. मी हसता हसता थांबलो. तो खरंच घाबरला होता. माणूसच तसा; इटियाडोह धरणावर मुलांची सहल नेतानाही हा चपलांचे जादा पट्टे पिशवीत घालून निघायचा.

मग त्याचं डोकं दुखू लागलं. नागपूरला जाताना गाडीत त्याने मला सगळी तयारी म्हणून दाखवली : डॉक्टर असं म्हणाले तर आपण हे विचारायचं, तसं म्हणाले तर ते. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत गाठ आहे. ऑपरेशन केलं तर धोका आहे, नाही केलं तर काही महिने. तुम्हीच ठरवा." एवढंच तेवढं त्याच्या तयारीत नव्हतं.

परतीच्या गाडीत त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "पुस्तक संपलं गा. मले लय भेव वाटते." मलाही वाटत होतं, त्याच्याहून जास्त. तिरोडा आलं तेव्हा त्याने हात सोडला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "करून टाकू." कुणाला न विचारता, काही तयारी नसताना. ऑपरेशन झालं. तो घरी आला नाही...

परवा दुपारी वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, "घर लय सुनं वाटते, त्यायचं मशीन तरी चालू करा." पंखा घरघरला. मी त्याच्या पुस्तकाविरुद्ध खेळायला बसलो. माझी चाल झाली की उत्तर तत्क्षणी यायचं. वहिनी मागे उभ्या राहून दर वेळी विचारायच्या, "हे त्यायचंच ना?" मी म्हणायचो, "त्याचंच."

आणि मग ती जागा आली. चालींची ही ओळ त्याने मला कितीदा ऐकवली होती, कुठे संपते ते मला पाठ होतं. आता मी काहीही खेळलो तरी मशीन थांबणार, विचार करणार, आणि येणारं उत्तर त्याचं नसणार.

"काऊन थांबले भाऊजी? खेळा ना."

मी डाव तसाच ठेवून उठलो. कॉम्प्युटर बंद करू नका, एवढं सांगून आलो. आता दुकानातला दिवा जरा मिणमिणला तरी हातातलं काम सोडून बसतो, आमगावला लाइट गेली नसेल ना... त्याने तिरोड्याला माझा हात सोडला होता. मला अजून ती चाल खेळवत नाही.