रांगेतली लेस्टरकरीण

आखातातल्या अबू हलीफात आमच्या इमारतीखाली खुबूसची, म्हणजे अरबी रोटीची, भट्टी आहे. तिथल्या संध्याकाळच्या रांगेत ती मला रोज दिसायची. पुढच्या माणसापासून हातभर लांब उभी राहायची आणि त्या फटीत कुणी ना कुणी घुसायचंच. एकदा एकाने तिच्या पायावर पाय दिला, तर 'सॉरी' तीच म्हणाली! मला तिचा रागच यायचा.

एकदा मी लेकीशी मराठीत बोलत होते, तेव्हा ती वळून हसली. इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होती. मराठी मात्र आजीकडून आलेली, अस्सल कोल्हापुरी.

"कुठल्या तुम्ही?" मी विचारलं.

"लेस्टरची."

"ते विलायतेतलं झालं हो. मूळच्या?"

"बाबा तिथं बस चालवायचे. तवा लोक म्हणायचे, तुमच्या देशात जावा. आता शेजारची गोरी म्हातारी फोन करती, 'तुझ्या गुलाबांना पाणी घातलंय, घरी कधी येणार?' एवढं बदललं. पण मूळचं विचारायचं काय कुणी सोडंना."

भट्टीच्या धगीत ती घाम पुसत उभी राहिली. मग म्हणाली, "आत्ता तिथं भुरभुर असंल. बसमध्ये ओल्या कोटांचा वास येत असंल."

निघताना तिने लेकीला विचारलं, "आणि तू कुठली गं?"

"अबू हलीफा," लेक म्हणाली. जन्म इथलाच, पण राहायचा परवाना आम्ही दरवर्षी नवा करतो.

'नाही हो, मूळची पुण्याची,' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी खुबूसचा गरम तुकडा तोडून तोंडात कोंबला.