गयाबाईची किल्ली

दिवाळीआधी चिंचेनं समई घासली की पितळेचा वास दिवसभर बोटांना राहतो. त्या वासासरशी मला पाचोडचा बाजार आठवतो.

कॉलेजात असताना आमच्या नाट्यमंडळानं पॅलेस्टिनी लोकांच्या पाठिंब्यासाठी पथनाट्य बसवलं होतं. घरातून हुसकावलेली ती माणसं अजून घराच्या किल्ल्या जपून ठेवतात, एवढीच गोष्ट. शेवटी आम्ही सगळे आपापल्या किल्ल्या दोरीला अडकवायचो.

पाचोडला त्या दोरीपाशी लसूण विकणारी गयाबाई आली.

"तिथं कोणतं धरण झालं रं?"

मला वाटलं, बाईला नाटक कळलंच नाही. तेवढ्यात तिनं कमरेची पितळी किल्ली सोडून माझ्या तळहातावर ठेवली. घामानं ओली, कोमट. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या तिच्या घराची.

"हीबी लाव."

खेळ आवरल्यावर तिनं ती परत मागून घेतली. संध्याकाळी शहरात, गुलमंडीच्या चौकात पुढचा खेळ होता. मी भीत भीत म्हणालो, "मावशी, किल्ली आजच्यापुरती द्या ना."

"एकटी कशी यील ती? मीबी येते की."

लसणाची पाटी शेजारणीच्या हवाली करून गयाबाई आमच्या टेम्पोत बसलीसुद्धा.